बडोद्यात सोशल मीडिया मार्केटिंग शिकायचंय? आधी एक दुकान धरा

कॉलेजात शिकणारी मुलं, लग्नानंतर नोकरी सुटलेल्या ताई, वडिलांच्या दुकानात बसून काहीतरी नवं करू पाहणारे तरुण, सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच असतो: "कोर्स कुठला करू?" माझं उत्तर ठरलेलं आहे. कोर्स नंतर, आधी एक धंदा धरा. खरा, चालू, ज्याच्या मालकाला रोज भेटता येईल असा. मंगळ बाजारातलं मामांचं कपड्यांचं दुकान चालेल, कारेलीबागेतल्या शेजारच्या सरांचा क्लास चालेल, आणि दांडिया बाजारात घरातून खाण्याचे पदार्थ विकणाऱ्या काकू असतील तर फारच उत्तम. तीन महिने त्या एकाच धंद्याचं काम करायचं आणि जे काही शिकायचं ते त्याच्या निमित्ताने शिकायचं.

स्वतःच्या खात्यावर सराव केला की लाइक येतात ते आत्याचे आणि मित्रांचे. त्यातून काहीच कळत नाही. काकूंच्या चकलीची ऑर्डर मात्र अनोळखी माणूस खिशातून पैसे काढूनच देतो, म्हणून ती आली किंवा नाही आली तरी त्यातून काहीतरी शिकायला मिळतं. या लेखात मी काकूंचंच उदाहरण शेवटपर्यंत धरून ठेवते. तुमचा धंदा वेगळा असेल तर नावं बदला, क्रम तोच ठेवा.

पायरी १: पहिला आठवडा फोन खिशात

पहिल्या आठवड्यात एकही पोस्ट टाकायची नाही. वही घेऊन काकूंच्या स्वयंपाकघरात बसायचं. माल कोण नेतं, कधी नेतं, एकदा नेलेलं माणूस परत येतं का, दिवसाला जास्तीत जास्त किती किलो निघू शकतं, कशात पैसे सुटतात आणि कशात फक्त दमणूक होते, हे विचारायचं. पुरणपोळीला मागणी भरपूर असते, पण त्यात काकूंची अख्खी सकाळ जाते. चिवडा मात्र एका कढईत भरपूर होतो आणि टिकतोही. मग रील कशाची जास्त करायची, ते इथेच ठरतं.

याहून महत्त्वाचं म्हणजे गिऱ्हाइकाचे प्रश्न. फोनवर, दारात, जिन्यात लोक जे विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यायचं. बडोद्यात हे प्रश्न साधारण असे येतात: "तेल कुठलं वापरता?" "जैन मळशे?" "बहु तीखुं तो नथी ने?" "मुलगा पुण्याला असतो, पार्सल केलं तर किती दिवस टिकेल?" "वाघोडिया रोडला पोचवता का?" वहीची दोन पानं भरली की पुढच्या दीड महिन्याच्या पोस्टचे विषय तुमच्या हातात आलेले असतात. एक प्रश्न, एक पोस्ट. विषय सुचत नाही अशी तक्रार करणाऱ्या बहुतेकांनी हा आठवडा गाळलेला असतो.

पायरी २: सगळीकडे पसरू नका

नवशिक्याचा जोश असा असतो की एका दिवसात पाच ठिकाणी खाती उघडायची. तसं करू नका. एक मुख्य जागा आणि एक मदतीची जागा, एवढंच.

काकूंसाठी मुख्य जागा इन्स्टाग्राम आणि ऑर्डर घ्यायला व्हॉट्सॲप बिझनेस. ही दोन्ही आणि फेसबुक एकाच कंपनीची आहेत: फेसबुकने २०१२मध्ये इन्स्टाग्राम घेतलं, २०१४मध्ये व्हॉट्सॲप घेतलं, आणि २०२१मध्ये कंपनीचं नाव मेटा झालं. याचा तुम्हाला उपयोग असा की तिन्ही ठिकाणच्या जाहिराती एकाच यंत्रणेतून चालतात, एकदा शिकलात की तिन्हीकडे कामी येतं. भारतात जून २०२०मध्ये टिकटॉकवर बंदी आली आणि पुढच्याच महिन्यात इन्स्टाग्रामने इथे रील्स सुरू केल्या. तेव्हापासून अनोळखी माणसापर्यंत पोचायचा सगळ्यात स्वस्त रस्ता रीलचा आहे. तुमचे फॉलोअर मोजके असले तरी रील बाहेरच्यांना दाखवली जाते. स्टोरी मात्र मुख्यतः आधीपासूनच्या फॉलोअरसाठी असते.

धंदा बदलला की जागाही बदलते. रावपुऱ्यात रस्त्यावर दुकान असेल तर आधी गूगल बिझनेस प्रोफाइल करा. ते फुकट आहे आणि नकाशावर "माझ्या जवळ" शोधणारा माणूस तयार गिऱ्हाईक असतो. मकरपुरा जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्याला रीलचा फारसा उपयोग नाही. त्याचा खरेदी अधिकारी लिंक्डइनवर आणि गूगल सर्चमध्ये सापडतो.

पायरी ३: खातं बांधा, आणि ते मालकाच्या नावावर राहू द्या

इन्स्टाग्रामच्या सेटिंगमध्ये जाऊन खातं 'प्रोफेशनल' करायचं आणि 'बिझनेस' निवडायचं. याशिवाय आकडे दिसत नाहीत. एक गोष्ट आधीच माहीत असू द्या: बिझनेस खात्याला सिनेमाची बरीचशी गाणी वापरता येत नाहीत. हक्कांचा प्रश्न असतो. मेटाच्या साउंड कलेक्शनमधलं संगीत चालतं, आणि तळणाचा खरा आवाज त्याहून बरा.

नावाच्या जागी फक्त ब्रँडचं नाव टाकून जागा वाया घालवू नका, कारण शोधताना ती जागा वाचली जाते. पदार्थ आणि शहर दोन्ही तिथे हवेत. आपल्याकडे लोक रोमन लिपीत कधी 'वडोदरा' टाइप करतात, कधी 'बरोडा'. एक नावात घ्या, दुसरं ओळखीच्या ओळीत म्हणजे बायोत. बायोला १५० अक्षरांची मर्यादा आहे. "प्रेमाने बनवलेलं, चवीने भरलेलं" यात ती संपते आणि कुणाला काही कळत नाही. त्यापेक्षा हे पाहा:

"चकली, चिवडा, अनारसे, पुरणपोळी. घरी केलेले मराठी पदार्थ. दांडिया बाजार, घरपोच. ऑर्डर एक दिवस आधी व्हॉट्सॲपवर."

काय, कुठे, कसं. खाली व्हॉट्सॲपची लिंक. खाद्यपदार्थ विकायला घरगुती धंद्यालाही एफएसएसएआयची, म्हणजे सरकारी अन्नसुरक्षा प्राधिकरणाची, नोंदणी लागते. काकूंची नसेल तर ते काम आधी करा आणि मिळालेला १४ आकडी नंबर पाकिटावर आणि कॅटलॉगमध्ये टाका. गिऱ्हाइकाचा विश्वास तिथे बसतो.

आता एका गोष्टीवर मी फार अडून बसते. खातं मालकाच्या फोन नंबरवर आणि मालकाच्याच ईमेलवर उघडायचं. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करायचं. तुम्हाला काम करायला मेटा बिझनेस सूटमधून (धंद्याची खाती सांभाळायचं मेटाचं साधन) रीतसर प्रवेश द्यायला सांगायचं, पासवर्ड मागायचा नाही. खातं त्या बाईंच्या कष्टाची मिळकत आहे. उद्या तुमचं आणि त्यांचं पटलं नाही तरी ते त्यांच्याच हातात राहिलं पाहिजे.

पायरी ४: एक रील नीट करा

महागडा फोन लागत नाही, उजेड लागतो. जुन्या वाड्यांमधल्या स्वयंपाकघरात ट्यूबलाइट असते. तिच्यात तळण पिवळट-हिरवं दिसतं. सकाळी खिडकीतून ऊन थेट न येता नुसता उजेड येतो ती वेळ हेरा, ट्यूबलाइट बंद करा, शेगडी खिडकीजवळ हलवता आली तर हलवा. कॅमेऱ्याची काच सुती कापडाने पुसा. रोज पीठ आणि तेलाचे हात लागलेल्या फोनवर धूसर व्हिडिओ येतो आणि आपण फोनला दोष देतो. फोन उभा, नऊ बाय सोळाच्या मापात.

चकलीची रील करायची असं धरू. पाच-सहा तुकडे शूट करा, प्रत्येक चार-पाच सेकंदांचा: सोऱ्यातून कागदावर पडणारं चकलीचं वेटोळं, अगदी जवळून. तेलात सोडल्यावर उठणारे बुडबुडे. झाऱ्यावर निथळणाऱ्या चकल्या. काकूंच्या हातात मोडलेली चकली, मोडल्याच्या आवाजासकट. डबा भरताना. शेवटी तोंडाने एक वाक्य.

आता जोडणी. नवखा माणूस सुरुवातीला ब्रँडचा लोगो टाकतो, मग "नमस्कार मंडळी" येतं. तोवर बघणारा पुढे सरकलेला असतो. चकली मोडतानाचा 'कट्' आवाज पहिल्या सेकंदात घ्या. त्यावर अक्षरं: "पंधरा दिवसांनीसुद्धा अशीच." मग वेटोळं, तेल, डबा. काकूंचं वाक्य शेवटी. सगळं मिळून पंधरा-वीस सेकंद. अक्षरं पडद्याच्या अगदी तळाशी किंवा उजव्या कडेला ठेवू नका, तिथे कॅप्शन आणि बटणं येतात. जोडणीला इन्स्टाग्रामचं स्वतःचं एडिट्स ॲप किंवा इनशॉट पुरतं. साधी भाव-यादी करायला कॅनव्हा.

कॅप्शन लिहिताना तीन खर्डे करायची सवय लावा. पहिला खर्डा बहुतेकांचा असा येतो: "उत्तम दर्जाची चविष्ट चकली! आजच ऑर्डर करा!" हे वाक्य बडोद्यातल्या कुठल्याही दुकानाला चालेल, म्हणून ते कुणाच्याच कामाचं नाही. दुसऱ्या खर्ड्यात माहिती येते: "भाजणीची चकली, पाव किलो १५० रुपये." बरं आहे, पण वहीतले प्रश्न अजून आले नाहीत. तिसरा:

"भाजणी घरीच भाजून दळलेली. तळण सिंगतेलात. कांदा-लसूण नाही. तिखट मध्यम, मुलं खातात. घट्ट झाकणाच्या डब्यात पंधरा दिवस कुरकुरीत. पाव किलो १५० रुपये. मांडवी, रावपुरा, कारेलीबाग घरपोच. उद्या हवी असेल तर आज रात्री आठच्या आत कळवा."

"उत्तम", "चविष्ट" असलं काहीच नाही आणि तरी वाचून तोंडाला पाणी सुटतं, कारण गिऱ्हाइकाच्या मनात जे अडत होतं ते सगळं मोकळं झालं. भाव लिहायचाच. "भावासाठी मेसेज करा" असं लिहिलं की निम्मे लोक संकोचाने मागे फिरतात, आणि जे मेसेज करतात त्यांतल्या बऱ्याच जणांना भाव परवडणारा नसतो. दोघांचाही वेळ जातो. तुमचा मालक भाव उघड करायला घाबरत असेल तर त्याच्याशी बसून बोला, भाव लपवायची त्याची कारणं समजून घ्या, पण शेवटी लिहायला लावा.

भाषेचा प्रश्न आपल्याकडे सगळ्यांना पडतो: मराठीत लिहू, गुजरातीत लिहू की हिंदीत? माझं मत सांगते. काकूंनी कॅमेऱ्यासमोर आपल्या नेहमीच्या मराठीतच बोलावं. गायकवाडांच्या काळापासून हे शहर मराठी ऐकत आलंय, आणि मराठी घरातली चकली म्हटल्यावर गुजराती गिऱ्हाइकालाही तो आवाज खरा वाटतो. पडद्यावरची अक्षरं मात्र गुजरातीत द्या आणि कॅप्शन दोन्ही भाषांत, गुजराती आधी. गुजराती मजकूर मशीनकडून करून थेट चिकटवू नका, शेजारच्या बेनना एकदा वाचायला द्या. इथे एक खाच आहे: गुजराती माणूस 'फराळी' वाचून उपवासाचं समजतो. दिवाळीचा फराळ त्याच्यासाठी 'दिवाळीना नास्ता' आहे. हे न बघता जाहिरात केली तर साबुदाणा विचारणारे फोन येत राहतील.

पायरी ५: वर्षाचं वेळापत्रक

आठवड्याला दोन रील आणि एक साधी पोस्ट, रोज एक-दोन स्टोऱ्या. नवशिक्याने याहून जास्त ठरवू नये, कारण तिसऱ्या आठवड्यात दम लागतो.

सणांचा हिशोब उलटा मांडायचा. दसऱ्यापासून दिवाळी साधारण वीस दिवसांवर असते, आणि नवरात्रीच्या नऊ रात्री बडोदं गरब्यात असतं, कुणाला दिवाळीचं ऐकायचं नसतं. म्हणून नवरात्रीत उपवासाचा चिवडा आणि राजगिऱ्याचे लाडू, दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी दिवाळीची भाव-यादी, आणि आठवडाभरात ऑर्डर बंद करायची तारीख जाहीर. गणपतीत मोदक. उत्तरायणला १४ आणि १५ जानेवारी दोन्ही दिवस लोक गच्चीवर असतात, तेव्हा हाताने खाता येईल असं काहीही खपतं. जुलै-ऑगस्टमध्ये परदेशी शिकायला निघालेल्या मुलांच्या आया टिकाऊ खाऊ शोधत असतात. विमानात नेता येईल असं पॅकिंग दाखवणारी एक रील तेव्हा टाका.

पण काकू दिवसाला सहा किलो करू शकत असतील तर दहा किलोची मागणी ओढून आणू नका. उशिरा पोचलेली एक दिवाळी लोक वर्षभर लक्षात ठेवतात. स्टोरीत "या आठवड्याच्या ऑर्डर भरल्या" असं लिहायला लाजू नका.

पायरी ६: मेसेजला उत्तर

हा भाग शिकवणारे बहुतेक लोक घाईने उरकतात. माझ्या मते विक्री इथेच होते, रील फक्त दारापर्यंत आणून सोडते.

व्हॉट्सॲप बिझनेस हे ॲप २०१८मध्ये आलं आणि ते फुकट आहे. त्यातल्या चार गोष्टी शिका. कॅटलॉगमध्ये प्रत्येक पदार्थाचा फोटो, वजन, भाव. वारंवार लागणाऱ्या उत्तरांसाठी क्विक रिप्लाय. लेबल: 'नवी चौकशी', 'पैसे आले', 'पोचवलं'. आणि रात्रीसाठी आपोआप जाणारा अवे मेसेज, म्हणजे काकूंनाही झोप मिळते.

आता बघा. मेसेज येतो: "चकरीनो भाव शुं?" नवखा लिहितो: "६००/- किलो." संपलं. समोरून पुढे काही येत नाही. त्याऐवजी: "नमस्ते बेन. चकरी अढीसो ग्रामना १५० रुपिया, सिंगतेलमां, कांदा-लसण वगर. कया विस्तारमां मोकलवानुं छे?" शेवटचा तो पत्त्याचा प्रश्न महत्त्वाचा. गिऱ्हाईक "मांजलपूर" म्हणतं, तुम्ही पोचवायचा दिवस आणि खर्च सांगता, आणि बोलणं ऑर्डरपर्यंत जातं. उत्तर दिवसातून तीन ठरलेल्या वेळी तरी द्यायचंच. ज्याने विचारलंय तो चार घरी विचारतोय, जो आधी नीट बोलतो त्याला ऑर्डर मिळते.

जुन्या गिऱ्हाइकांना ब्रॉडकास्ट यादीतून कळवता येतं. एका यादीत २५६ नंबर बसतात, आणि ज्यांनी काकूंचा नंबर सेव्ह केलाय त्यांनाच तो मेसेज पोचतो. म्हणून डबा देतानाच "नंबर सेव्ह करून ठेवा" सांगायचं. कुणाला न विचारता ग्रुपमध्ये ओढू नका, आणि सोसायटीतून मिळालेल्या नंबरांच्या याद्या तर मुळीच वापरू नका. लोक चिडतात, रिपोर्ट करतात, नंबर बंद पडतो.

पायरी ७: आकडे वाचणं

दर सोमवारी इनसाइट्स, म्हणजे इन्स्टाग्रामचं आकड्यांचं पान, उघडून वहीत चार आकडे लिहा: रील किती वेगळ्या लोकांपर्यंत पोचली, किती जणांनी ती दुसऱ्याला पाठवली किंवा सेव्ह केली, किती जण प्रोफाइलवर आले, किती जणांनी व्हॉट्सॲपवर विचारलं. पाचवा आकडा काकूंकडून: ऑर्डर किती आल्या. लाइकचा रकाना करूच नका.

आकडे वरून खाली वाचायचे. पोच भरपूर आणि प्रोफाइलवर कुणी नाही, तर रील मजेची झाली पण विकायचं काय ते कळलं नाही. प्रोफाइलवर लोक आले पण मेसेज नाही, तर बायो आणि लिंक तपासा. मेसेज आले पण ऑर्डर नाही, तर भाव, घरपोच किंवा तुमचं उत्तर यांत काहीतरी अडतंय. रीलच्या आकड्यांत लोक कुठल्या सेकंदाला सोडून जातात तेही दिसतं. सगळे तिसऱ्या सेकंदाला जात असतील तर सुरुवात बदला. आणि प्रत्येक नव्या गिऱ्हाइकाला विचारा, "आमच्याबद्दल कुठून कळलं?" कारण "माझ्या जाऊबाईंनी रील पाठवली" हे उत्तर कुठल्याही ॲपमध्ये दिसत नाही.

पायरी ८: पैसे लावायचे ते आता

दोन महिने झाले, कुठली रील चालते ते कळलं, उत्तरं द्यायची पद्धत बसली. आता जाहिरात. रीलखालचं 'बूस्ट'चं बटण सोपं आहे, पण शिकायचं असेल तर मेटाचं जाहिराती चालवायचं साधन, म्हणजे ॲड्स मॅनेजर, उघडा. तिथे आधी उद्देश विचारतात. सहा पर्याय आहेत: ओळख, ट्रॅफिक (लिंकवर माणसं आणणं), एंगेजमेंट (प्रतिसाद), लीड्स (चौकशा), ॲप प्रमोशन आणि विक्री. काकूंसाठी एंगेजमेंट घेऊन त्यात व्हॉट्सॲपवर मेसेज आणणारी जाहिरात निवडा. ठिकाण म्हणून अख्खा गुजरात घेऊ नका. दांडिया बाजारावर पिन टाकून सात-आठ किलोमीटरचं वर्तुळ काढलं की बहुतेक बडोदं त्यात येतं. जी रील फुकटात चांगली चालली तीच जाहिरातीला वापरा.

हिशोब समजून घ्या, आकडे समजुतीसाठी धरले आहेत. रोज २०० रुपये, पाच दिवस, म्हणजे १,००० रुपये. त्यावर १८ टक्के जीएसटी, एकूण १,१८०. यातून २५ जणांनी मेसेज केला आणि ८ जणांनी सरासरी ४०० रुपयांची ऑर्डर दिली, तर विक्री ३,२००. माल, गॅस, डबे, मजुरी आणि पोचवणं यात ६० टक्के गेले तर हातात १,२८० राहिले. जाहिरातीचे १,१८० वजा केले की उरले १००. नुसत्या विक्रीकडे पाहिलं असतं तर १,१८० रुपयांत ३,२०० आले म्हणून आपण खूश झालो असतो. आता खरा प्रश्न कळतो: या आठांतले किती परत येतील? दोन-तीन जणांनी दर महिन्याला घेतलं तर जाहिरात फळली, नाहीतर ती थांबवायची.

जाहिरात चालू केल्यावर दर दोन तासांनी बदल करू नका. यंत्रणेला शिकायला वेळ लागतो. मेटाच्या सांगण्याप्रमाणे स्थिर व्हायला आठवड्यात साधारण ५० निकाल, म्हणजे आपल्या बाबतीत मेसेज, लागतात. छोट्या बजेटला तेवढे मिळत नाहीत, म्हणून ते बजेट पाच जाहिरातींत वाटू नका. एक किंवा दोन, आणि चार-पाच दिवस हात लावायचा नाही.

पायरी ९: नियम

ग्राहक संरक्षण कायदा, २०१९नुसार दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीला १० लाखांपर्यंत दंड होऊ शकतो. "शुगर असणाऱ्यांना गुणकारी" असलं काहीही पाकिटावर किंवा कॅप्शनमध्ये लिहू नका. एखाद्या फूड ब्लॉगरला फुकट डबा पाठवून पोस्ट करून घेतली तर तीही जाहिरातच, आणि तसं स्पष्ट लिहिलं पाहिजे. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या संस्थेचे २०२१चे नियम हेच सांगतात. दुसऱ्याचा फोटो उचलायचा नाही. गिऱ्हाइकाचा फोटो किंवा मेसेज टाकण्याआधी विचारायचं. फॉलोअर विकत घ्यायचे नाहीत: त्यांना चकली खायची नसते आणि आकडे कायमचे बिघडतात.

पायरी १०: आता कोर्स

तीन महिन्यांनी कोर्सला बसलात तर प्रत्येक धड्यात काकूंचं खातं डोळ्यासमोर येईल. मेटा ब्लूप्रिंट, गूगल स्किलशॉप आणि हबस्पॉट ॲकॅडमी यांचे फुकट धडे आधी संपवा. नंतरही अलकापुरी-सयाजीगंजच्या एखाद्या क्लासला पैसे भरायचे असतील तर दोनच प्रश्न विचारा: शिकताना खऱ्या धंद्याचं खातं आणि खऱ्या जाहिरातीचं बजेट हाताळायला मिळेल का? आणि मध्येच सोडलं तर फी परत मिळते का, तेही लेखी? "शंभर टक्के नोकरी" या शब्दांवर फी भरू नका.

काम शोधताना एका सापळ्यापासून सांभाळा. "व्हिडिओ लाइक करा, रोज हजार कमवा" असे मेसेज सोशल मीडियाच्या नोकरीच्या नावाने येतात. सुरुवातीला थोडे पैसे देतात, मग 'टास्क'साठी तुमच्याकडूनच भरायला लावतात. पैसे गेलेच तर लगेच १९३० या हेल्पलाइनवर फोन करा.

पहिलं पैशांचं काम मिळवायला काकूंचे तीन महिने पुरेसे आहेत. दोन पानांत मांडा: सुरुवातीला काय होतं, काय केलं, आकडे कसे बदलले, काय चाललं नाही. आकडे दाखवण्याआधी काकूंची परवानगी घ्या. नव्या मालकाशी बोलताना महिन्याला किती रील, किती पोस्ट, मेसेजला उत्तर कोण देणार, शूटिंगला त्यांचा किती वेळ लागेल, हे कागदावर घ्या. तुमची फी वेगळी आणि जाहिरातीचा खर्च वेगळा. जाहिरातीचे पैसे मालकाच्याच कार्डवरून किंवा यूपीआयवरून थेट जाऊ द्या, तुमच्या खात्यातून फिरवू नका. काम संपलं की तुमचा प्रवेश स्वतःच काढून घ्या, आणि रीलचे मूळ व्हिडिओ, कॅप्शनची फाइल आणि गिऱ्हाइकांच्या प्रश्नांची वही मालकाच्या ताब्यात द्या.